आमच्या घरचे इंग्रजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"शनिवारच्या खेळाविषयी दोन शब्द बोला," असे कार्यवाह बाईंनी सांगितले, तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. भाषणाची मला सवय नाही. त्यातून विषय इंग्रजी शब्दांचा! आमच्या मराठी शाळेत इंग्रजी उशिरा सुरू झाले आणि लग्नानंतर सुटले ते सुटलेच. मुलांच्या शाळेत बाईंना भेटायचे झाले की मी यजमानांना पुढे करी. मंडळात स्क्रॅबलचा डाव मांडला जाऊ लागला, तेव्हाही मी कोपऱ्यात बसून गुणांचा हिशेब तेवढा लिहीत असे.

हिशेब लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली. या खेळात अक्षरांच्या 100 सोंगट्या असतात. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने महामंदीत काम नसताना हा खेळ रचला. स्क्रॅबल हे नाव त्याला 1948 साली मिळाले. वर्तमानपत्रात कोणते अक्षर किती वेळा येते, ते मोजून बट्सने सोंगट्यांची वाटणी केली. तीत 'आय' 9 आहेत आणि 'वाय' अवघे 2. आता गंमत पाहा. सिटी, बेबी, हॅपी या शब्दांच्या शेवटी आपल्याला ईकार ऐकू येतो, पण इंग्रजीत तिथे 'वाय' लिहितात. शेवटी 'आय' असलेले शब्द त्या भाषेत थोडे. म्हणून हातातल्या सात सोंगट्यांत तीन 'आय' आले की आपल्या भगिनी कपाळाला हात लावीत.

मग असे शब्द येतात तरी कोठून? बहुतेक सगळे पाहुणे! स्पॅघेटी इटलीतून आली, सफारी आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतून, स्की नॉर्वेतून. आणि केवढे तरी शब्द आपल्या देशातून गेले : सारी म्हणजे आपली साडी, धोती, लुंगी, खाकी, रोटी, पुरी, लस्सी, राणी. नाचणीचे 'रागी' हे नावसुद्धा! मी ही यादी हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर उतरवून ठेवली. तिच्यात एक चिनी शब्दही आहे. 'क्यू'जवळ 'यू' नसला की सगळ्या अडतात. पण क्यू आणि आय एवढी दोनच अक्षरे मांडली तरी शब्द होतो. उच्चार 'ची', अर्थ प्राणशक्ती, गुण 11.

एका शनिवारी चौघींत एक कमी पडली आणि मला बसवले. पहिली पाळी माझीच. हातात सी, एच, दोन ए, पी, टी आणि आय. मी जुळवून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि भीत भीत सातही सोंगट्या मांडल्या.

"अहो, ही तर आपली चपाती! हा काय इंग्रजी शब्द?" समोरून आक्षेप आला. शब्द कोशात नसेल तर सोंगट्या परत उचलायच्या आणि पाळी फुकट, असा नियम आहे. माझे तोंड उतरले. कोश उघडला गेला. चपाती होती! शब्दाचे 14 गुण, मधल्या ताऱ्यावरून गेला म्हणून दुप्पट 28, आणि सातही सोंगट्या एकदम लावल्याचे वरती 50. एकूण 78. माझ्याच नावापुढे तो आकडा मी लिहिला.

त्या रात्री मला झोप आली नाही. हे आकड्यामुळे नव्हे. ही भाषा आपली नव्हे म्हणून मी इतकी वर्षे गप्प राहिले, आणि माझ्या पोळपाटावरची चपाती मात्र त्या कोशात केव्हाच जाऊन बसली होती. दाराबाहेर उभी होते ती मीच.

परवा नातीच्या शाळेत तिच्या बाईंना भेटायला मी एकटी गेले. माझे इंग्रजी मोडकेच होते. पण बाईंना ते समजले, आणि मला त्यांचे.

तेव्हा भगिनींनो, ज्या कोणी अजून कोपऱ्यात बसल्या असतील त्यांनी शनिवारी पटाशी येऊन बसावे. कार्यवाह बाईंना मात्र माझी एकच विनंती आहे : हिशेब लिहायला आता दुसरे कोणी शोधावे.