डोंगर त्रिकोणीच का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बॅचतर्फे शाळेच्या प्राथमिक विभागाला काहीतरी भेट द्यायची, आणि ती चित्रकलेसाठी असावी, असं ठरलं आहे. त्यासाठी दोन सूचना आल्या आहेत. शाळेची दर्शनी भिंत वारली चित्रांनी रंगवून घ्यायची, ही पहिली. दरवर्षी चित्रकला स्पर्धा घेऊन ढाल द्यायची, ही दुसरी. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून समितीने माझं मत विचारलं. मत द्यायच्या आधी मला एक प्रश्न मांडायचा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाने चित्रकलेच्या तासाला शिकायचं तरी काय? त्याचं उत्तर मिळालं, की भेट काय द्यायची हे ठरवायला वेळ लागणार नाही.

'निसर्गचित्र काढा' म्हटलं की मुलं काय काढतात, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य, खाली वळणं घेत आलेली नदी, कौलारू घर, एक नारळाचं झाड आणि आकाशात चार-पाच पक्षी. तुम्ही हेच काढलंत, तुमच्या मुलांनी हेच काढलं, आता नातवंडंही हेच काढताहेत. सोलापूरचं मूल हेच काढतं आणि पालघरचंही.

आता आपला कालदुर्ग डोळ्यांसमोर आणा. पालघरहून मनोरला जाताना वाघोबा खिंडीच्या वर दिसतो तो. त्याचा माथा त्रिकोणी आहे का? वर चक्क चौकोनी ठोकळा ठेवल्यासारखा कातळ आहे. डहाणूकडे महालक्ष्मीचा सुळका आहे, तो आणखी निराळा. ज्या मुलाच्या वाटेवर रोज असा डोंगर उभा आहे, तेही कागदावर त्रिकोणच काढतं. त्याला हात चालवता येत नाही म्हणून असं होतं का? नाही. त्याला कुणी 'जा, बाहेर बघून ये' असं म्हटलेलंच नसतं. फळ्यावरचा डोंगर बघून वहीतला डोंगर काढायचा, एवढंच सांगितलेलं असतं.

म्हणून माझं उत्तर अगदी साधं आहे. लहान मुलाने चित्रकलेच्या तासाला सगळ्यांत आधी बघायला शिकावं. मग जे दिसलं ते स्वतःच्या हाताने मांडायला शिकावं, आणि शेजारच्याने काय मांडलं आहे ते न हसता बघायला शिकावं. सुबक रेषा, छायाप्रकाश, यथार्थदर्शन या गोष्टी पुढे येतील. काहींना येतील, काहींना येणार नाहीत. पण बघणं सगळ्यांनाच लागतं, पुढे वेल्डर होणाऱ्याला, नर्स होणाऱ्याला आणि मासळी पारखणाऱ्यालाही.

आता भिंतीविषयी. वारली चित्रं आपल्याच जिल्ह्याची, त्यामुळे ती शाळेवर असावीत असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ही चित्रं मुळात कशी आली ते आठवूया. लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. त्या चौकात पालघट देवी असते, आणि धवलेरी गाणी म्हणते. ते लग्नाचं अंग होतं, भिंतीची सजावट नव्हती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात फिरले, त्यांनी इथल्या लोकांना कागद आणि रंग दिले, आणि गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हशे जगापुढे आले. बायकांच्या हातातली कला त्या पुरुषाने रोज, सणावाराशिवाय हाती धरली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले.

त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. लहानपणी आई गेली, त्यानंतर बराच काळ हा मुलगा बोलेना. सांगायचं असेल ते मातीत चित्र काढून सांगायचा. मी शिकवत असताना ही गोष्ट मला वारंवार आठवायची, कारण बोईसर-तारापूरच्या वर्गांत न बोलणारी मुलं पुष्कळ असतात. एमआयडीसीत कामाला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून माणसं येतात, त्यांची मुलं आपल्या शाळांत येतात. घरात भोजपुरी किंवा ओडिया, वर्गात मराठी. आपल्याकडचंच मूल घ्या. वारली, मांगेली किंवा वाडवळी बोलत आलेल्या मुलालाही पुस्तकातली मराठी पहिल्या दिवशी परकीच असते. असं मूल भाषेच्या तासाला गप्प, परिसर अभ्यासाच्या तासाला गप्प. चित्रकलेच्या तासाला मात्र ते पहिल्या दिवसापासून बाकीच्यांच्या बरोबरीने बसू शकतं. त्याने गावाकडचं घर काढलं, की शेजारचा विचारतो, 'हे काय रे?' आणि उत्तर द्यायला म्हणून ते मूल पहिला मराठी शब्द शोधतं. हा तास गणिताला देऊन टाकला, तर त्या मुलाचं वर्गातलं एकमेव दार बंद होतं. परीक्षा जवळ आल्या की हा तास सर्वांत आधी जातो, हे इथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको.

वारली चित्राचं शाळांमध्ये काय झालं, हेही बघा. दोन त्रिकोण टोकाला जोडा, वर गोल ठेवा, चार काड्या लावा, झाला माणूस. असे तीस माणूस ओळीने काढले की झाला तारपा नाच. म्हणजे पुन्हा तोच त्रिकोणी डोंगर, फक्त आता पांढऱ्या रंगात. म्हशे यांचं चित्र नीट बघा. आकार तेच आहेत, पण ओझं डोक्यावर घेतलेल्या बाईची कंबर वेगळी झुकते, नाचणाऱ्याची वेगळी. त्यांचं मासेमारीचं जाळं बघताना डोळा त्या बारीक रेषांत अडकून पडतो. आकार सोपा आहे, त्यामागचं बघणं सोपं नाही. आपण मुलांना आकार दिला आणि बघणं द्यायचं राहून गेलं.

हे बघणं शिकवायचं कसं, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं, माती घेतली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा कुरणशाळा काढून शाळाच गुरांमागे नेली. मूल जिथे आहे तिथून आणि त्याच्या हाताशी जे आहे त्यापासून सुरुवात करायची, हे आपल्या जिल्ह्याने देशाला शिकवलं. चित्रकलेच्या तासाला याहून वेगळं तत्त्व लागत नाही.

प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगते. पहिली-दुसरीला कोळसा, खडू, गेरू, तांदळाचं पीठ आणि ओली माती द्या. बोटांना ओळख होऊ दे. या वयात मूल स्वतःला घरापेक्षा मोठं काढतं, होडीच्या आतला मासा बाहेरून दाखवतं. ते दुरुस्त करू नका. त्याला जे महत्त्वाचं वाटतं ते मोठं येतं, त्याला जे माहीत आहे ते दिसतं. फक्त विचारा, 'मला सांग, इथे काय चाललंय?' आणि शांतपणे ऐका.

तिसरी-चौथीला एकच वस्तू द्या आणि भरपूर वेळ द्या. चिकूचं पान, खेकड्याची नांगी, बांबूवर वाळलेला बोंबील. आधी न बघता काढायला सांगा, मग बघून काढायला सांगा, आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. फरक मुलालाच दिसतो, शिक्षकाला काही बोलावं लागत नाही. रंगांचंही तसंच. हिरवा म्हणजे डबीतला हिरवा नव्हे. आवणातला हिरवा, लावणी झालेल्या शेताचा हिरवा, सागाच्या पानाचा, खाडीकाठच्या तिवरांचा. एका पावसाळ्यात मुलं सात-आठ हिरवे गोळा करून आणतात. ते मिसळून बघताना निळा-पिवळा किती घ्यायचा, हे त्यांचं त्यांना समजतं.

पाचवीला घरापासून शाळेपर्यंतची वाट काढायला सांगा. जवळचं काय, लांबचं काय, कशाने काय झाकलं जातं, हे तिथे आपोआप येतं. सातपाटीचं मूल बंदर काढेल, बोईसरचं मूल कंपनीची चिमणी आणि रेल्वेचा पूल काढेल. चिमणीतून निघणारा धूर काळा काढायचा की पिवळट, हे त्याला खिडकीतून बघून ठरवू द्या. तेही निसर्गचित्रच आहे, कारण तोच त्याचा परिसर आहे.

इथे एक शंका येईल. आपण सगळ्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. त्यांनी आपल्या हाताला वळण दिलं. मग त्याच विषयांची तयारी लहानपणापासून का करून घेऊ नये? कारण 'एलिमेंटरी' हे त्या परीक्षेचं नाव आहे, ती प्राथमिक वर्गांसाठी नाही. शिडीची चौथी पायरी पहिल्या पायरीच्या जागी ठोकली, तर मूल चढत नाही, खालीच उभं राहतं आणि म्हणतं, 'मला चित्र येत नाही.' आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही.

आणि हे सगळं करायचं कोणी? २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी, मुलं शंभरावर असतील तर, कलाशिक्षणाला अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. पहिली ते पाचवीला तशी तरतूद नाही. तिथे वर्गशिक्षिकाच सगळं शिकवते. म्हणून आपली भेट त्या शिक्षिकेचं काम सोपं करणारी हवी.

माझी सूचना अशी. भिंत रंगवायची असेल तर रंगाऱ्याला कंत्राट देऊ नका. जमिनीपासून चार फुटांपर्यंतचा पट्टा गेरूने सारवून मुलांसाठी मोकळा ठेवा. दर पावसाळ्यानंतर तो पुन्हा सारवायचा खर्च आपला. वारली चित्र दाखवायचं असेल, तर गंजाडकडच्या एखाद्या चित्रकार बाईला मानधन देऊन वर्षातून आठ दिवस बोलवा. ती काढत असताना मुलांनी बघावं आणि प्रश्न विचारावेत. ढालीच्या पैशांतून प्रत्येक वर्गाला एक पेटी द्या. कागद, खडू, तीन मूळ रंग, ब्रश, माती. संपली की भरून द्यायची. आणि स्पर्धेऐवजी प्रदर्शन ठेवा, प्रत्येक मुलाचं एक चित्र, क्रमांक कुणालाच नाही. त्या दिवशी आपण सगळ्यांनी यायचं आणि प्रत्येक चित्रासमोर थांबायचं. चाळीस वर्षांनी भेटल्यावर आपण एकमेकांच्या तोंडाकडे निरखून बघितलं, तसंच.

माझ्या गुरुजनांसमोर मी हे बोलते आहे, कारण बघायची सवय त्यांनीच लावली. खर्चाचा हिशेब मी समितीकडे दिला आहे. चहाच्या वेळी त्यावर बोलूया, आणि शक्य झालं तर आजच ठरवूया, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पेट्या वर्गात पोचलेल्या असतील.