दप्तर सांभाळणाऱ्यांचा शनिवार



पूर्वी गावचे दप्तर कुळकर्ण्याच्या हाती असे. आज बँकेतील खाती, रेल्वेची आरक्षणे, इस्पितळातील नोंदी हे सारे दप्तर संगणकात गेले असून त्यास डेटाबेस म्हणतात. ते सांभाळणारा मनुष्य आपल्या दृष्टीस पडत नाही. काम चोख चालले असता त्याची कोणास आठवण होत नाही. रात्री दोन वाजता दप्तर बंद पडले म्हणजे मात्र त्याचा दूरध्वनी क्रमांक सर्वांना सापडतो! पुष्कळ कचेऱ्यांत तो एकटाच असतो. सुतार शेजारच्या सुताराचा रंधा पाहू शकतो. याला विचारावयास कोणी नाही. पुस्तकात सर्व आहे, असे कोणी म्हणेल. परंतु नोंदींची नक्कल, म्हणजे बॅकअप, नेमाने घ्यावी हे वाचून तो घेतोही. ती नक्कल प्रत्यक्ष उभी करून पाहिल्यावाचून तिच्यावर विसंबू नये, ही गोष्ट मनात ठसते ती ज्याची नक्कल ऐन वेळी उघडली नाही अशा व्यवसायबंधूच्या तोंडून ऐकल्यावरच.

अशा एकट्यांना एकत्र आणण्याचा एक प्रयत्न अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, ऑरलँडो शहरी १० नोव्हेंबर २००७ रोजी झाला. अँडी वॉरेन, ब्रायन नाइट आणि स्टीव्ह जोन्स हे त्याचे प्रवर्तक. एसक्यूएल सर्व्हर नावाच्या डेटाबेसवर काम करणाऱ्यांची पास ही संस्था १९९९ पासून मोठी वार्षिक परिषद भरवीत असे; पण तिची फी, प्रवास आणि मुक्काम सर्वांना कोठून परवडणार? या तिघांनी एक शनिवार घेतला आणि प्रवेश विनामूल्य ठेवला. त्यास एसक्यूएल सॅटरडे हे नाव पडले.

याची रीत सोपी आहे. सुटीच्या दिवशी एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा कचेरीच्या खोल्या मिळवावयाच्या. खर्च व्यापारी कंपन्यांनी द्यावा आणि त्या बदल्यात दाराशी मेज मांडावे. वक्त्यांना मानधन नाही. बहुधा प्रवासही पदरचा. नावाच्या चिठ्ठ्या, पडदा, जेवणाच्या पंगतीचा अंदाज हे सारे स्वयंसेवकांकडे. त्यांत पंगतीचा अंदाज सर्वांत कठीण, कारण फुकट नाव नोंदविणारे सगळेच येत नाहीत. हे आपल्याला निराळे सांगावयास नको!

मला यातील मोठी गोष्ट वाटते ती ही की, नामांकित वक्त्याच्या शेजारच्या खोलीत गावातलाच नवखा मनुष्य पहिल्यांदा बोलावयास उभा राहतो. जे आपण सवयीने करतो ते वीस जणांना समजावून देताना प्रथम आपल्यालाच उमगते. आणि आज ऐकणाऱ्यांतून उद्याचा बोलणारा निघाला नाही, तर मेळा वर्षा-दोन वर्षांत आटतो.

२०१० मध्ये हे मेळावे पास संस्थेकडे सोपविले गेले आणि देशोदेशी पसरले. पुढे २०२० च्या साथीत वार्षिक परिषदेचे उत्पन्न घटले. संस्थेचा मुख्य आधार तोच होता. १५ जानेवारी २०२१ रोजी संस्थेने काम थांबविले. केंब्रिजच्या रेडगेट कंपनीने तिची मालमत्ता घेतली, आणि शनिवारांची व्यवस्था पुढे एका ना-नफा प्रतिष्ठानाकडे आली. मध्यवर्ती संस्था बुडाली, तरी शनिवार पुन्हा भरू लागले. खोली कोण देतो, वक्ता कोण होऊ शकेल, ही माहिती त्या त्या गावातल्या माणसांपाशीच होती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अद्याप भरते, तिचेही मर्म याहून फार निराळे नसावे.

आपल्या गावातील बँका, कारखाने, इस्पितळे यांत असे लोक आहेत. त्यांनी एकदम मेळावा भरवू नये. महिन्यातून एक संध्याकाळ, अर्धा तास भाषण, अर्धा तास प्रश्न एवढे पुरे. आपल्या कचेरीतील गुप्त नोंदी कोणी बोलू नयेत. विक्रेत्याने चहा द्यावा, भाषणात माल विकू नये. आणि पहिल्या दिवसापासून दोघांनी मिळून काम उचलावे, म्हणजे एकाची बदली झाली तरी खोलीची किल्ली दुसऱ्याजवळ राहील.