भाग: आत्याचं घर सोडून हॉटेलात कशाला?

कानात इयरफोन घालून बसमध्ये असाल, मळ्यात असाल, नाहीतर ऑफिसमधून सुटून ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, सगळ्यांचं स्वागत. हा भाग वाचायलाही उपलब्ध आहे, म्हणून ज्यांचा डेटा संपलाय त्यांनाही राम राम.

आजचा विषय आहे बुटीक हॉटेल. इन्स्टावर दिसतात ना? जुनं घर, रंगीत फरशा, खिडकीत बोगनवेल, पितळी नळ, आणि एका रात्रीचं भाडं सहा हजार. मी विंचूरची आहे, आणि आमच्याकडे कुठलाही आकडा ऐकला की आधी कांद्यात मोजतात. भाव क्विंटलला हजारावर असेल तर सहा हजार म्हणजे सहा क्विंटल कांदा. सहा क्विंटल, एका झोपेसाठी! घरी हे सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "पुण्यात आत्या आहे की तुझी! तिच्याकडे का नाही उतरत?"

हा प्रश्न चेष्टेवारी न्यायचा नाही. त्याचं उत्तर आपल्याकडे असायला हवं. पण त्याआधी ही भानगड नेमकी काय आहे ते बघू.

'बुटीक हॉटेल' हा शब्द चालू झाला तो 1984 च्या सुमारास. न्यूयॉर्कमध्ये इयन श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल या दोघांनी मॉर्गन्स नावाचं हॉटेल काढलं. रुबेलचं म्हणणं असं की मोठी हॉटेलं म्हणजे डिपार्टमेंटल स्टोअर, तिथे सगळं मिळतं. आमचं हॉटेल म्हणजे बुटीक, छोटं दुकान, एकाच आवडीने भरलेलं. त्याआधी 1978 मध्ये लंडनला ब्लेक्स नावाचं असंच एक हॉटेल सुरू झालं होतं, पण नाव रूढ झालं ते न्यूयॉर्कमुळे. म्हणजे मूळ अर्थ एवढाच: खोल्या कमी आणि मालकाची आवड स्पष्ट दिसणारी. आता मात्र कुठल्याही लॉजला दोन पिवळे दिवे आणि एक कॅक्टस लावला की पाटीवर 'बुटीक' लिहितात. त्या शब्दाला कुठलीही सरकारी व्याख्या चिकटलेली नाही, त्यामुळे नावावर जाऊ नका.

आता दुसरी गोष्ट. हे हॉटेल एकटं विकलं जात नाही, त्याच्याबरोबर गल्ली विकली जाते. पुण्यातलं कोरेगाव पार्क घ्या. 1974 मध्ये तिथे रजनीशांचा आश्रम आला, जगभरातून लोक येऊन राहायला लागले, त्यांच्यासाठी बेकऱ्या, कॅफे, छोटी गेस्ट हाउसं निघाली. हा भाग 'हॅपनिंग' झाला तो असा, माणसांमुळे. पणजीचं फोंताइन्हास बघा. आल्तिन्योच्या टेकडीखाली, खाडीच्या कडेला, पोर्तुगीज काळातली लाल-पिवळी-निळी घरं. त्यातल्या काही जुन्या घरांची हॉटेलं झाली आहेत, पंजिम इन हे त्यातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव. आणि घरांची हॉटेलं झाली म्हणून ती टिकली, हेही खरं आहे. रिकामं जुनं घर पावसाळ्यात किती लवकर खचतं, ते आपल्या गावाकडे कुणाला सांगायला नको.

पण त्याच फोंताइन्हासमध्ये आता काही घरांवर पाट्या दिसतात: इथे फोटो काढू नका. का? कारण ती घरं आहेत. आत कुणाची तरी आजी दुपारी झोपलेली असते, आणि बाहेर पायरीवर कुणीतरी पाचव्यांदा केस उडवून रील काढत असतं. विचार करा, तुमच्या ओट्यावर रोज पन्नास अनोळखी माणसं पोझ देऊन गेली तर? आपण भाडं खोलीचं देतो, गल्लीचं नाही. एवढं डोक्यात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

आता विंचूरचा एक धागा सांगते. आमच्या गावचं नाव पुण्यातही एका वाड्याला आहे. पानिपतावर लढलेले विठ्ठल शिवदेव, त्यांचं घराणं विंचूरकर, आणि सदाशिव पेठेतला विंचूरकर वाडा त्यांचाच. लोकमान्य टिळक 1905 मध्ये गायकवाड वाड्यात, म्हणजे आजच्या केसरी वाड्यात जाण्याआधी या विंचूरकर वाड्यात राहायचे. 1892 मध्ये मुंबईहून पुण्याला येणाऱ्या रेल्वेत त्यांना एक तरुण संन्यासी भेटला. टिळकांनी त्याला घरी नेलं, आणि तो काही दिवस तिथे राहिला. शिकागोला जाऊन जगप्रसिद्ध व्हायला त्याला अजून वर्षभर होतं. तो संन्यासी म्हणजे स्वामी विवेकानंद.

मला ही गोष्ट आवडते, कारण आपल्याकडे मुक्काम म्हणजे काय ते तिच्यात कळतं. घराचा दरवाजा उघडा, आलेला तो आपला. आत्याचं घर त्याच परंपरेतलं. मग हॉटेल कशाला?

तर माझं उत्तर असं. आत्याकडे तुम्ही कधीच एकटे नसता, आणि बऱ्याचदा तेच हवं असतं. पण ज्या मुलीला जन्मापासून स्वतःची खोली मिळाली नाही, जी घरी बहिणीबरोबर, होस्टेलवर चौघींबरोबर आणि पीजीत तिघींबरोबर झोपली, तिला एक रात्र दार आतून लावून, कुणी "काय करतेस गं?" न विचारता पडून राहायचं असेल, तर ती उधळपट्टी नाही. पहिल्या पगारातून मी असा एक दिवस घेतला होता. सकाळी नऊपर्यंत झोपले आणि चहा खिडकीत बसून प्यायले. बाकी काहीही केलं नाही. आत्याला दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन भेटले. ती रागावली, मग हसली, मग विचारलं, "गादी कशी होती गं?"

मात्र ही चैन करायची तर डोळे उघडे ठेवून. चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते, लिहून घ्या.

पहिली, जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के, त्याच्या वर गेलं की 18 टक्के. म्हणजे 7,500 ची खोली 7,875 ला पडते, पण 7,600 ची पडते 8,968 ला. शंभर रुपयांच्या फरकात जवळजवळ अकराशे जातात! ॲपवर दिसणारा आकडा करासकट आहे का, ते आधी बघा.

दुसरी, सर्व्हिस चार्ज. जेवणाच्या बिलात तो आपोआप लावता येत नाही, अशा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या सूचना आहेत, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या कायम ठेवल्या. शांतपणे "काढून टाका" म्हणा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

तिसरी, ओळखपत्र. आधारची पूर्ण झेरॉक्स देण्याची गरज नाही. 'मास्क्ड आधार' डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि त्याच शहराचं ओळखपत्र चालतं का, जोडीने जाणार असाल तर लग्न झालेलं नसलं तरी चालतं का, हे बुकिंगआधी फोनवर विचारा. प्रौढ जोडप्याने लग्नाशिवाय हॉटेलात राहू नये असा कायदा नाही, मद्रास उच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे स्पष्ट म्हटलंय. पण काही हॉटेलं स्वतःचे नियम लावतात, आणि रात्री अकराला बॅग घेऊन रिसेप्शनवर कायदा समजावत बसायची वेळ येऊ नये.

चौथी, फोटो. हॉटेलने टाकलेले बघू नका, पाहुण्यांनी टाकलेले बघा. बाथरूमला नीट दार आहे का बघा! मी एका ठिकाणी, नाव घेत नाही, आरपार काचेचं बाथरूम पाहिलंय. मैत्रिणीबरोबर गेले होते. एकीला अंघोळ करायची असली की दुसरी पॅसेजमध्ये फेऱ्या मारायची. जुन्या इमारतीत लिफ्ट आहे का, खाली पब आहे का, तेही विचारा. ट्रेंडी गल्ली रात्री दोनपर्यंत ट्रेंडीच असते.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा खास निफाड तालुक्यातल्या माझ्या दोस्तांसाठी. नाशिकला गंगापूर धरणाजवळ सुलाने द्राक्षबागेतच मुक्कामाची सोय केली, आणि मुंबईची माणसं पैसे मोजून आपल्या वेली बघायला येतात. विंचूरला एमआयडीसीचा वाइन पार्क आहे. राज्याने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, त्यातून तो आला. जवळच नांदूर मध्यमेश्वर आहे, 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालेलं. थंडीत तिथे पक्षी बघायला कॅमेरे घेऊन लोक येतात आणि संध्याकाळी परत जातात. का जातात? राहण्याजोगं, साधं, स्वच्छ, छान असं फारसं काही नाही म्हणून.

त्यांना न्यूयॉर्कची नक्कल नको आहे. चार खोल्या, स्वच्छ बाथरूम, गरम पाणी, बाजरीची भाकरी, पहाटे पाणथळ जागेवर नेणारा गावातला जाणता पोरगा. एवढं केलं तर कांद्याचा भाव पडला त्या वर्षी घराला दुसरा आधार असेल. सहा क्विंटल कांद्याचे पैसे एका रात्रीत खर्च होतात, तसे ते एका रात्रीत येऊही शकतात.

तर तुम्ही सांगा: तुमच्या गावात अशी चार खोल्यांची जागा काढायची झाली, तर कुठलं घर निवडाल? आणि त्या घरातली आजी काय म्हणेल? व्हॉइस नोट पाठवा, निवडक पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि आत्याला एक फोन करा. भेटूया!