करसवलत आणि आपले तरुण कारखानदार
(ज्ञातिसभेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कारखानदारीविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. एका लहानशा कारखान्याचा चालक आहे. तेव्हा अनुभवास आले तेवढेच निवेदन करतो.

मुंबई, ठाणे व पुणे या पट्ट्यात उद्योगांची दाटी झाली आणि उर्वरित महाराष्ट्र मागे राहिला. हे वैषम्य दूर व्हावे म्हणून राज्य शासनाने १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. पुढे तालुक्यांची वर्गवारी झाली. भाग जितका मागास, तितकी सवलत अधिक, हे तिचे सूत्र ठरले. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने जमीन, रस्ते व पाणी पुरवावे आणि शासनाने कराचा भार हलका करावा, अशी ही जोडी होती.

या सवलतींपैकी एक विक्रीकर लांबणीवर टाकण्याची होती. ग्राहकाकडून कर घ्यावयाचा. मात्र तो लगेच न भरता ठरलेल्या वर्षांनंतर हप्त्यांनी भरावयाचा. वस्तुतः हे बिनव्याजी कर्जच! मी मात्र त्यास नफा समजलो. त्यातून घर बांधले, मुलीचे लग्न थाटात केले. हप्ते सुरू झाले तेव्हा बाजार मंदावला होता, यंत्रे जुनी झाली होती. पहिला हप्ता पत्नीचे दागिने गहाण ठेवून भरावा लागला. दोष शासनाचा नव्हता. माझ्या हिशेबाचा होता.

राज्यांचीही गत निराळी नव्हती. शेजाऱ्याहून अधिक सूट देण्याची चढाओढ लागली आणि सर्वांचीच तिजोरी आटू लागली. अखेर १९९९ च्या नोव्हेंबरात राज्यांनी एकत्र बसून विक्रीकराच्या नव्या सवलती थांबविण्याचे ठरविले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. हा कर, माल जेथे खपतो त्या राज्यास मिळतो. म्हणून आता आधी कर भरावयाचा आणि राज्याच्या वाट्यातील काही भाग प्रोत्साहन म्हणून मागाहून परत मिळावयाचा, अशी रीत पडली आहे. महाराष्ट्राच्या २०१९ च्या योजनेतही हेच तत्त्व होते. पूर्वी पैसा हाती राहत असे. आता त्याची वाट पाहावी लागते. तोवर भांडवल अडकते, हे विसरू नये.

आणि बंधूंनो, सोडलेला प्रत्येक रुपया जनतेचा असतो. त्यातून एखादी शाळा वा दवाखाना उभा राहिला असता. त्याच्या मोबदल्यात गावच्या मुलांना टिकाऊ काम देणे, हे आपले कर्तव्यच होय.

तरुणांना माझी विनंती एवढीच: दोन ताळेबंद मांडा, एक सवलतीसह, दुसरा सवलतीवाचून. दुसऱ्यात तोटा दिसत असेल, तर वडिलांची जमीन गहाण ठेवू नका. पाणी, वीज, कुशल कारागीर आणि जवळची बाजारपेठ यांची उणीव कोणतीही करसवलत भरून काढीत नाही. ज्ञातिसभेनेही शिष्यवृत्तीबरोबर हिशेबतपासनीसांची एक सल्लागार समिती नेमावी, अशी नम्र सूचना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!