आतड्यातील जीवाणू आणि आयबीएस : स्वागताध्यक्षीय भाषण

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला आयबीएस, हा रिपोर्टांत न सापडणारा आजार आहे. पोटात कळ येते, शौचाला जाऊन आले की थांबते किंवा उलट वाढते. कधी दिवसातून पाच-सहा वेळा धावावे लागते, तर कधी तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. सोनोग्राफी, रक्ततपासणी, दुर्बीण सगळे नॉर्मल येते. त्यामुळे निदान लक्षणांवरूनच करावे लागते आणि त्यासाठी २०१६ सालचे ‘रोम ४’ निकष वापरले जातात. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी असावी. शौचाशी संबंध, शौचाच्या वेळांतला बदल आणि मळाच्या घट्ट-पातळपणातला बदल यांपैकी किमान दोन गोष्टी तिच्याशी जोडलेल्या असाव्यात आणि त्रास सुरू होऊन निदान सहा महिने झालेले असावेत. शौचातून रक्त, कारण नसताना घटलेले वजन, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार असेल, तर आधी दुसरा आजार शोधायचा. ३३ देशांतील लोकांच्या पाहणीत ऑनलाइन प्रश्नावली भरणाऱ्यांपैकी सुमारे चार टक्के या निकषांत बसले.

भारतात या रुग्णांना वर्षानुवर्षे ‘जुनी आव’ म्हणून मेट्रोनिडॅझोलचे कोर्स मिळत आले आणि त्यानेही भागले नाही की ‘तुम्हाला काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका’ असा निरोप मिळाला. या आजाराचा एक धागा सूक्ष्मजीवशास्त्राकडे जातो, दुसरा मज्जासंस्थेकडे, तिसरा स्वयंपाकघराकडे. म्हणूनच एरवी वेगवेगळ्या परिषदांना जाणारे पोटविकारतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रयोगशाळांतील संशोधक येथे एकत्र आले आहेत. स्वागत समिती या सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते.

माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जीवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. सगळ्यांचे मिळून वजन पाव किलोही भरत नाही. लहान आतड्यात न पचलेला तंतुमय भाग आणि काही शर्करा खाली उतरतात, तेव्हा हे जीवाणू त्या आंबवतात. त्यातून वायू तयार होतो आणि ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लेही. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे. तेव्हा वायू हा बिघाडाचा पुरावा नव्हे. निरोगी माणसाच्या पोटातही तो होतोच. आयबीएसच्या अनेक रुग्णांत फरक असतो तो आतड्याच्या संवेदनेत. इतरांना जाणवतही नाही एवढ्या ताणाने त्यांना दुखते.

जीवाणूंचा या आजाराशी संबंध आहे, याचा सर्वांत ठसठशीत दाखला कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या वॉकर्टन या लहान गावाचा. मे २००० मध्ये मुसळधार पावसात गुरांचे शेण गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीत उतरले. क्लोरीन पुरेसे घातले जात नव्हते. ई. कोलाय ओ१५७ आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू नळाने घरोघर पोचले. सुमारे २,३०० लोक आजारी पडले, सात दगावले. सरकारी चौकशी झाली ती पाण्याच्या व्यवस्थेची. वैद्यकाच्या दृष्टीने मोलाचे काम पुढे झाले, कारण संशोधकांनी गावकऱ्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दोन-तीन वर्षांनी पाहता, ज्यांना जुलाबांचा आजार झाल्याचे वैद्यकीय नोंदींवरून दिसत होते त्यांच्यापैकी ३६ टक्क्यांना आयबीएस जडलेला होता. जे त्या साथीतून सुटले त्यांच्यात हे प्रमाण १० टक्के होते. आठ वर्षांनंतर आजारी पडलेल्यांतील प्रमाण बरेच उतरले, तरी सुमारे १५ टक्के लोकांना त्रास होताच. जंतू केव्हाच निघून गेले होते.

मग मागे काय राहते? बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये याचे एक उत्तर मांडले. आतड्यात संसर्ग असताना उंदरांना अंड्यातले एक प्रथिन खायला दिले. संसर्ग बरा झाल्यावर तेच प्रथिन पुन्हा दिले, तर आतड्याच्या अस्तरात तेवढ्यापुरती ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया उठली, मास्ट पेशींनी हिस्टामीन सोडले आणि दुखण्याच्या नसा चाळवल्या. रक्तात किंवा त्वचेवर ॲलर्जीची खूण नव्हती. आयबीएसच्या रुग्णांत गुदाशयाच्या अस्तराला गहू, दूध, सोया यांचे अंश टोचले, तेव्हा तेथेही सूज आली. गव्हाने पोट बिघडते म्हणणाऱ्या पण ॲलर्जीचा रिपोर्ट कोरा येणाऱ्या रुग्णाची तक्रार यामुळे खरी ठरू शकते.

दुसरे मार्गही आहेत. शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असते आणि ते किती तयार व्हावे यावर जीवाणूंचा प्रभाव पडतो. आतड्याची हालचाल त्यावर बरीच अवलंबून असते. पित्ताम्लांचे रूपांतर जीवाणूच करतात आणि ती मोठ्या आतड्यात जास्त उतरली की जुलाब होतात. उलट, मिथेन तयार करणारा मिथेनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथाय (हा जीवाणू नसून आर्किया गटातला) बद्धकोष्ठाशी जोडला गेला आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात जुलाबप्रधान आयबीएसच्या रुग्णांचे जीवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले, तेव्हा उंदरांचे आतडे वेगाने चालू लागले. ज्या रुग्णांना चिंताविकारही होता, त्यांचे जीवाणू मिळालेले उंदीर बुजरे झाले.

एवढे असूनही ‘आयबीएसचा जीवाणू’ असा कोणी नाही. रुग्ण आणि निरोगी यांना खात्रीने वेगळे करणारा जीवाणूंचा ठसा अजून हाती आलेला नाही. निरोगी म्हणजे कसे, हेही देशागणिक बदलते. पुण्याच्या संशोधकांनी भारतीयांच्या आतड्यांत प्रीव्होटेला आणि मेगास्फिरा यांचे प्राबल्य दाखवले आहे. परदेशी नमुन्यांवर बेतलेला ‘नॉर्मल’ येथे लावणे चुकीचेच. तेव्हा घरपोच डबी पाठवून मळातील जीवाणूंचा रंगीत तक्ता देणाऱ्या तपासण्यांचा निदानाला उपयोग नाही. रुग्णाचे पैसे मात्र जातात.

उपचारांत आहार पहिला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलेला फॉडमॅप आहार जीवाणूंना सहज आंबवता येणाऱ्या शर्करा काही आठवडे कमी करतो. मराठी स्वयंपाकात याचा पहिला घाव कांदा-लसणाच्या वाटणावर पडतो, मग पोळी, दूध, छोले-राजमा. भात आणि ज्वारीची भाकरी चालते. कडधान्य भिजवून पाणी ओतून दिले आणि मोड आणले की त्यातील त्रासदायक शर्करा घटतात. हे पथ्य कायमचे नाही. त्याने उपयुक्त बायफिडोबॅक्टेरियाही घटतात, म्हणून एकेक पदार्थ परत आणायचा असतो. तो टप्पा गाळणारा रुग्ण निष्कारण अर्धपोटी राहतो.

रिफॅक्सिमिन हे आतड्याबाहेर फारसे न शोषले जाणारे प्रतिजैविक. २०११ च्या दोन मोठ्या चाचण्यांत ते घेणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांना आराम पडला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांना. फायदा खरा, पण माफक. प्रोबायोटिकांची जाहिरात पुराव्याच्या कितीतरी पुढे गेली आहे. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आयबीएससाठी ती संशोधन-चाचण्यांपुरतीच वापरावीत असे सांगितले.

निरोगी दात्याच्या मळातील जीवाणूंच्या रोपणाबाबत निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. २०१८ मध्ये डेन्मार्कमधील चाचणीत रोपणापेक्षा खोट्या कॅप्सूलचा गटच सरस ठरला. २०२० मध्ये नॉर्वेत एकाच काळजीपूर्वक निवडलेल्या दात्याकडून दिलेल्या ६० ग्रॅमच्या मात्रेने ८९ टक्के रुग्णांना गुण आला. खोट्या रोपणाच्या गटात तो २४ टक्क्यांना आला. दाता, मात्रा आणि देण्याची वाट, तिन्ही वेगळी होती. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या संसर्गात हा उपचार रूढ झाला आहे. आयबीएसमध्ये तो सध्या चाचण्यांपुरताच आहे.