शेतकरी सल्ला कोणास विचारतो?



राहुरीस १९६८ साली कृषि विद्यापीठ स्थापन झाले. २००४ पासून किसान कॉल सेंटरवर विनामूल्य सल्लाही मिळतो. तरीही शेवगाव-पाथर्डीकडील आपला दोन एकरांचा जिराईत शेतकरी कपाशीवर बोंडअळी दिसताच प्रथम जातो तो औषधांच्या दुकानात. त्यास अडाणी म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. दुकानदार उधारी देतो, माल विकेपर्यंत थांबतो. विद्यापीठाच्या पुस्तिकेस ते कोठून जमणार? मात्र ज्याची उधारी, त्याचेच औषध. दुसरीकडे विचारण्याची सोय उरत नाही.

प्रवरेकाठचे चित्र निराळे. तेथे १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखान्यास ऊस हवा असतो, म्हणून त्याच्या शेतकी खात्याचा माणूस बांधावर येतो. बाजरी-तुरीसाठी कोण येणार?

आणि घरात बियाणे राखते ती स्त्री. तिला तर कोणी विचारीतच नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नव्हत्या. गावठी वाण जपल्याबद्दल २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आपल्यापैकी जे कृषिखात्यात आहेत, त्यांनी पेरणीपूर्वी एक रविवार गावी घालवावा, अशी आमची विनंती आहे. ओसरीवर बैठक बसेल तेव्हा माजघरातील मंडळींसही बाहेर बोलवावे.