गावकूस आणि जुन्या गाड्या



मी मंगळवेढ्याचा. आमच्या गावाचं नाव घेतलं की कुणाला दामाजीपंत आठवतात, कुणाला कान्होपात्रा, कुणाला चोखोबा. संतांशी फारसं देणंघेणं नसलेल्यांना निदान ज्वारी तरी आठवते. २०१६ साली या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. ती पिकते आमच्या काळ्या, खोल रानात, थंडीच्या दिवसांत, जमिनीत मुरलेल्या ओलीवर. याच रानांजवळून आता रत्नागिरी-नागपूर महामार्ग गेला आहे. हमरस्ता आला की त्याच्या कडेची जमीन नुसती जमीन राहत नाही, ती ‘रोडटच’ होते. मग तिथं धाबा निघतो, पेट्रोल पंप निघतो, मंगल कार्यालय निघतं, आणि अलीकडे हटकून निघतो तो जुन्या मोटारींचा बाजार. वर पताका, खाली पुसून चकचकीत केलेल्या दहा-वीस गाड्या, प्रत्येकीच्या काचेवर लिहिलेली किंमत.

आज मला अशाच एका बाजाराबद्दल बोलायचं आहे. तो अजून सुरूच झालेला नाही.

माझी धाकटी बहीण हमरस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी दिली आहे. गावाचं नाव सांगत नाही. तुमच्या जवळचं कुठलंही गाव धरा. मी तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा संध्याकाळी कॉलनीतली पाच-सहा माणसं आली. भाच्यामुळे तिथं मी सगळ्यांचाच मामा. म्हणाले, ‘मामा, तुम्ही कवी आहात. आमचा एक अर्ज लिहून द्या.’ कविता लिहिणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोनच कामं सांगतात. लग्नपत्रिकेचा मजकूर आणि कचेरीतला अर्ज.

प्रकरण असं होतं. कॉलनीच्या तोंडाशी एक मोकळी जागा आहे. ज्याची जागा, त्याचा मुलगा दहा वर्षं गॅरेजमध्ये काम करून मोठा झाला. आता त्याला तिथं जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा काढायचा होता. कॉलनीला तो नको होता. मी कागद घेतला आणि म्हटलं, सांगा मुद्दे.

पहिला मुद्दा, गाड्या धुतलेलं तेलकट पाणी उतारानं कॉलनीत येईल. दुसरा, गिऱ्हाईक गाडी चालवून बघणार ती याच रस्त्यावर, जिथं पोरं खेळतात. तिसरा, जुन्या टायरांत पाणी साचून डास होतील. चौथा, रात्रभर मोठे दिवे जळतील. मी लिहीत गेलो. सगळे मुद्दे रास्त होते. मग एक जण जरा आवाज खाली आणून म्हणाला, ‘आणि मामा, असंही लिहा, की तिथं कसलीकसली माणसं येतील.’

माझं पेन थांबलं. त्या तरुणाचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. नाव सांगितलं की आपल्याला आधी आडनाव ऐकू येतं आणि मग बाकीचं काही ऐकूच येत नाही. माझं नाव निवेदिकेनं सुरुवातीलाच सांगितलं आहे, त्यामुळे माझ्यापुरता तो इलाज उरलेला नाही.

मी म्हटलं, अर्ज लिहितो, पण आधी जागा बघू द्या.

सकाळी भाच्याला घेऊन गेलो. तो तरुण तिथंच होता. भाच्याचा दोस्त, म्हणून तोही मला मामूच म्हणतो. म्हणाला, ‘मामू, मला चोरून काही करायचं नाही. बोर्ड लावून करायचंय.’ त्याचं म्हणणं समजून घेण्यासारखं होतं. आपल्याकडे जुनी गाडी बहुधा ओळखीनं विकली जाते. पैसे मिळाले की किल्ली दिली, कागद नावावर करायचं राहून गेलं. मग गाडीनं अपघात केला की भरपाईची नोटीस येते ती पहिल्या मालकाच्या घरी. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टच सांगितलं, की नोंदवहीत ज्याचं नाव, कायद्याच्या दृष्टीनं मालक तोच. पुढं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घेणं आलं. गाडी त्याच्या ताब्यात आली की तशी खबर खात्याला द्यायची, आणि ती कुठं कशासाठी नेली याची नोंद ठेवायची. म्हणजे आता हा धंदा उघड्यावर, पाटी लावून करावा असं सरकारच म्हणतं. आणि पाटी लावायला जागा लागते.

पण जागा नावावर असणं म्हणजे तिथं हवं ते करण्याचा परवाना नव्हे. गावाचा एक विकास आराखडा असतो. १९६६ सालच्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली तो तयार होतो. त्या नकाशात राहण्याची जागा पिवळी, व्यापाराची निळी, कारखान्यांची जांभळी आणि शेतीची हिरवी. कुठल्या रंगात काय चालतं, समोरचा रस्ता किती मीटर रुंद असला तर काय चालतं, याची नियमावली असते. २०२० सालापासून मुंबईसारखे काही भाग सोडले तर सगळ्या राज्याला मिळून ती एकच आहे.

आम्ही तिघं तो नकाशा बघायला गेलो. जागा पिवळ्या रंगात होती. हमरस्ता तिला खेटून जात होता खरा, पण राष्ट्रीय महामार्गावर थेट वाट काढायची तर महामार्ग खात्याची वेगळी परवानगी लागते. ती नाही मिळाली, तर गाड्यांची ये-जा होणार ती कॉलनीच्या अरुंद रस्त्यानं. अर्जातला दुसरा मुद्दा म्हणजे नुसती तक्रार नव्हती, ती नकाशातच होती.

मी तरुणाच्या वडिलांना विचारलं, ‘हा नकाशा पहिल्यांदा लागला, तेव्हा बघायला गेला होतात का?’ ते म्हणाले, ‘सुगीचे दिवस होते. कोण जातंय?’ कॉलनीतल्या जुन्या माणसांना विचारलं. त्यांनीही तो पाहिला नव्हता.

श्रोतेहो, सगळी मेख इथं आहे. आराखड्याचा कच्चा नकाशा प्रसिद्ध होतो, तेव्हा कायद्यानं नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. त्याला तीस दिवसांची मुदत असते. नियोजन समिती सुनावणी घेते. पुढं एकदा आराखडा मंजूर झाला, की त्यात थोडा बदल करायचा तरी पुन्हा जाहीर सूचना, पुन्हा सुनावणी आणि सरकारची मंजुरी. पण एखाद्या माणसानं आपल्या जागेवर परवानगी मागितली, तर त्या वेळी शेजाऱ्यांना बोलावून विचारलंच पाहिजे असं हा कायदा म्हणत नाही. अधिकारी कागद तपासतो, नियमात बसलं तर हो म्हणतो, नाहीतर नाही. म्हणजे आपलं म्हणणं ऐकून घेण्याची खरी वेळ रेषा आखली जाते तेव्हाची. त्या तीस दिवसांत आपण सुगीत असतो, लग्नसराईत असतो. रेषा आखून झाल्यावर वर्षानुवर्षांनी त्या रेषेवर एखादा माणूस उभा राहतो, तेव्हा आपण जागे होतो. आणि तेव्हा समोर रेषा दिसत नाही, माणूस दिसतो. मग अर्ज जागेविरुद्ध न होता त्या माणसाविरुद्ध होतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात १८८० साली एक नियम झाला. लाकडी इमारतीत कपडे धुण्याचा कारखाना चालवायचा तर नगरमंडळाची परवानगी घ्या. कारण आगीचं. नियम वाचला तर वाकडं काही नव्हतं. शहरातले बहुतेक धुण्याचे कारखाने लाकडी इमारतींतच होते आणि त्यांतले बरेचसे चिनी माणसांचे होते. दोनशे चिनी माणसांनी परवानगी मागितली, सगळ्यांना नाकारली. चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांना मिळाली. लाकूड तेच, आग तीच, भट्टी तीच. बावीस वर्षं धंदा करणारा यिक वो नावाचा माणूस तुरुंगात गेला आणि वरच्या न्यायालयापर्यंत लढला. १८८६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कायदा दिसायला सरळ असला तरी तो राबवताना डोळा वाकडा असेल, तर तो न्याय नव्हे.

याचा अर्थ रेषा नकोतच असा मात्र कुणी घेऊ नये. बंगळूरच्या एका वस्तीत बागेसाठी राखलेली जागा एका खासगी संस्थेला इस्पितळासाठी देऊन टाकली होती. इस्पितळ म्हणजे काही वाईट गोष्ट नाही. तरीही रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. बाग म्हणून राखलेली जागा म्हणजे तिथल्या रहिवाशांचा श्वास आहे, आणि तो राखण्यासाठी त्यांना न्यायालयात येता येतं, हे त्या निकालानं मान्य केलं. रेषा दुबळ्यालाही सांभाळते. फक्त ती जागेसाठी हवी, माणूस बाहेर ठेवण्यासाठी नको.

आणि मी मंगळवेढ्याचा असल्यामुळे मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गावात १३३८ साली गावकुसाचं काम चाललं होतं. ते बांधकाम कोसळलं आणि त्याखाली मजूर गेले. त्यांत चोखोबा होते. ज्या कुसवाच्या आत ज्यांना घर बांधता येत नव्हतं, तेच ते कूस बांधत होते आणि त्याच्याच खाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे. गावाच्या आत कोण, बाहेर कोण, कुणाचा धंदा वेशीच्या कुठल्या अंगाला, हे नकाशे आपल्याकडे नगररचनेचा कायदा येण्याआधी शेकडो वर्षं तयार होते. त्यांना रंग नव्हते, पण ते सगळ्यांना पाठ होते. म्हणून ‘कसलीकसली माणसं येतील’ हे वाक्य मी ऐकतो, तेव्हा मला मोटारी दिसत नाहीत. मला ती भिंत दिसते.

तर मी अर्ज लिहून दिला. चार मुद्दे घातले. गाड्या धुण्याची जागा सिमेंटची असावी, तेलाचं पाणी अडवून वेगळं गोळा करावं, वापरलेलं ऑइल आणि जुन्या बॅटऱ्या नियमाप्रमाणे परवानाधारकाकडेच द्याव्यात. टायर उघड्यावर नकोत. चालवून बघणं कॉलनीच्या रस्त्यावर नको. दिवे ठरावीक वेळेनंतर बंद. पाचवा मुद्दा घातला नाही. ज्यानं तो सांगितला होता, त्यानं अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. काही बोलला नाही. मीही बोललो नाही. शेवटी मी एक ओळ वाढवली होती. ही जागा योग्य नसेल, तर या धंद्यासाठी गावात योग्य जागा कोणती, तेही नकाशात दाखवावं. त्या ओळीखाली त्या तरुणानंही सही केली.

परवानगी मिळाली नाही. रस्ता अरुंद, जागा नियमात बसत नाही. निर्णय चुकीचा होता असं मला म्हणता येणार नाही. पण परवा बहिणीकडे गेलो तर काय दिसलं? त्या जागेला कुंपण आहे, आत गवत वाढलं आहे. आणि बाहेर हमरस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्यापलीकडे, सात-आठ मोटारी ओळीनं उभ्या आहेत. काचेवर ‘विकणे आहे’ आणि मोबाइल नंबर. त्या कुणाच्या आहेत, कुणाला ठाऊक नाही. शाळेची पोरं त्यांना वळसा घालून थेट रस्त्यावर येतात. तो तरुण पुन्हा दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये कामाला आहे. पाटी लावून जो धंदा करणार होता, त्याला जागा मिळाली नाही. बिनपाटीच्या धंद्याला कुणाची परवानगी लागलीच नाही.

विकास आराखड्याची निदान वीस वर्षांतून एकदा सुधारणा व्हावी अशी कायद्यात तरतूद आहे. तुमच्या गावाचाही नकाशा कधीतरी भिंतीवर लागेल. तेव्हा सुगी असेल, यात्रा असेल, परीक्षा असतील. तरीही अर्धा दिवस काढून जा. आपलं घर कुठल्या रंगात आहे तेवढंच बघून परत फिरू नका. गॅरेजवाल्याला, भंगारवाल्याला, जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला नकाशात कुठं जागा दिली आहे तेही बघा. दिली नसेल तर तीस दिवसांच्या आत तशी सूचना द्या. कवी लागत नाही त्याला. साध्या कागदावर चार ओळी पुरतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)